ओसी मिळाली, पण स्लॅब कुणी तपासला?

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमधली तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. ही काही शंभर वर्षांची चाळ नव्हती. इमारत उभी राहून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. पुढे बिल्डर, आरसीसी सल्लागार (म्हणजे सांगाड्याचं डिझाइन करणारा अभियंता), आर्किटेक्ट आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्या खटल्याचं जे व्हायचं ते होईल. मला खटकतं ते असं की इतकी तरुण इमारत पडूनही आपली चर्चा पुन्हा जुन्या इमारतींवरच जाऊन थांबते. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावतात, धोक्यानुसार सी-१, सी-२ अशी वर्गवारी होते, नोटिसा जातात. ते काम हवंच. पण नवी इमारत मुळात नीट बांधली गेली का, हा प्रश्न विचारायची कुठल्याच खात्यावर जबाबदारी नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीचा सांगाडा तपासण्याच्या कामात माझ्या उमेदीची वर्षं गेली आहेत आणि त्यातून माझं मत पक्कं झालेलं आहे. ताबा देण्याआधी नव्या इमारतीचा सांगाडा बिल्डरशी पैशाचा संबंध नसलेल्या अभियंत्याने मोजून तपासला पाहिजे आणि ते आकडे घर घेणाऱ्यांच्या हातात पडले पाहिजेत.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपली ओसी, कशाच्या जोरावर मिळते ते पाहा. पालिकेचा अभियंता जागेवर येतो. सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, टेप लावून मोजतो. उंची, जिना, पार्किंग, वाढीव बांधकाम हे सगळं मंजूर नकाशाशी ताडून बघतो. अग्निशमन दलाचा दाखला, लिफ्टचा परवाना, ड्रेनेजची जोडणी, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, सगळं फाइलला लागतं. सांगाड्याची मजबुती मात्र एका कागदावर भागते. तो कागद म्हणजे संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र. त्यावर आरसीसी सल्लागार लिहून देतो की इमारत भारतीय मानकांनुसार डिझाइन केली आहे, माझ्या देखरेखीखाली बांधली आहे आणि वापरायला सुरक्षित आहे. हा सल्लागार बिल्डरने नेमलेला असतो, त्याची फी बिल्डर देतो आणि पुढचं कामही त्याच बिल्डरकडून यायचं असतं. पालिका तो कागद स्वीकारते. एका कॉलमलाही कुणी हात लावून बघत नाही.

माझ्या व्यवसायातली बहुतेक माणसं प्रामाणिक आहेत, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण प्रामाणिक माणसाचीही या व्यवस्थेत अडचण होते. ठरलेल्या फीमध्ये साइटच्या मोजक्याच फेऱ्या बसतात. त्यामुळे स्टील चेकिंग आता व्हॉट्सॲपवर होतं. साइट इंजिनियर रात्री सळईचे आठ-दहा फोटो पाठवतो, सकाळी सहाला आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या लागलेल्या असतात, पंप भाड्याने आलेला असतो, आणि ऑफिसातून उत्तर जातं की ठीक आहे, भरा. त्या फोटोत वरून दिसणारी सळई असते. बीम आणि कॉलम जिथे मिळतात त्या सांध्याच्या पोटात काय आहे, ते फोटोत येत नाही.

भूकंपात सगळा मार त्या सांध्यावर येतो. आयएस १३९२० हे मानक सांगतं की सांध्यातूनही कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणारी कडी, सलग गेल्या पाहिजेत आणि रिंगेचं टोक १३५ अंशात वाकवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवलं पाहिजे. प्रत्यक्षात चारी बाजूंनी बीमच्या सळया आल्या की तिथे हात घालायला जागा उरत नाही. सळई बांधणारा फिटर दोन-तीन रिंगा कमी टाकतो, टोकं ९० अंशातच सोडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला मजुरी टनावर मिळते, सांध्यावर नाही. मग वरून काँक्रीट पडतं, गर्दीत व्हायब्रेटरची सुई खाली पोचत नाही, आणि शटरिंग काढल्यावर खडी उघडी पडलेली दिसते. आपण त्याला हनीकोंब म्हणतो. जाणकार अभियंता तिथे असेल तर तो सगळं सैल काँक्रीट फोडायला लावतो आणि ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून घेतो. नसेल तर मुकादम दुपारच्या आत सिमेंटचा हात मारून ते बुजवतो. त्यावर गिलावा चढतो, पुट्टी चढते, रंग चढतो. घर बघायला आलेल्या माणसाला गुळगुळीत भिंत दिसते.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादच्या कितीतरी बहुमजली इमारती बसल्या. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेलं शहर, आणि पडलेल्यांत चांगल्या वस्तीतल्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेल्या, बऱ्यापैकी नव्या इमारती होत्या. उभ्या होत्या तोवर कुणालाही त्यांच्याबद्दल शंका आली नव्हती. कोयनेचा १९६७ आणि किल्लारीचा १९९३ पाहिलेल्या राज्याने हे विसरावं, याचं मला दुःख होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की क्यूब टेस्टचे रिपोर्ट असतात ना. असतात. १५० मिलिमीटरचे ठोकळे भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे, लॅबमध्ये दाबून फोडायचे. चाचणी उत्तम आहे, पण ती गाडीतून उतरलेल्या मालाची आहे. त्यानंतर पंपातून माल सरकावा म्हणून कुणी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला, स्लॅबला सात दिवस पाणी मारायचं ते दोनच दिवस मारलं, कॉलमला गोणपाट गुंडाळलंच नाही, यातलं काहीही ठोकळ्याला कळत नाही. ठोकळ्यासाठी वेगळा, जास्त सिमेंटचा माल कालवलेलाही मी पाहिला आहे. आणि ठोकळे अगदी इमानदारीने भरले तरी काही दोष त्यात उमटतच नाहीत. गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या चिंतल्स पॅराडिसो या संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी सहाव्या मजल्यावरचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत गेला. दोन स्त्रिया गेल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्येच क्लोराइड (मिठात असतो तो क्षार) निघालं. क्लोराइडमुळे ठोकळ्याची ताकद लगेच घटत नाही, ते आतून सळईला खातं. गंज फुगतो, कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण सुटतं, आणि हे व्हायला काही वर्षं जातात. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकाने मर्यादा घालून दिलेली आहे, सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको. ते तपासायला ड्रिल मारून निघालेली भुकटी लॅबला पाठवली की पुरतं. तो टॉवर अठरा मजली होता, परवानग्या रीतसर होत्या. ताबा देण्याआधी ही भुकटी कुणी तपासली असती तर?

तयार इमारतीत काय काय तपासता येतं, हे लोकांना ठाऊक नसतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कव्हरमीटर नावाचं यंत्र भिंतीवरून फिरवलं की आतली सळई कुठे आहे आणि तिच्यावर किती काँक्रीट आहे ते कळतं. साध्या वातावरणात स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर चालतं, पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला उघड्या असलेल्या भागांना ४५ लागतं. मुंबई, वसई, अलिबाग, रत्नागिरी इथल्या बाल्कन्या आणि गच्च्या या एका आकड्यावर टिकतात किंवा सडतात. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक न लावता सळई शटरिंगवर टेकली असेल तर यंत्र दोन मिनिटांत सांगतं. अल्ट्रासॉनिक पल्सने काँक्रीटमधून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजतात. तो सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला तर आत पोकळी किंवा भेग आहे असं समजून पुढे जायचं. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा रिबाउंड हॅमर आमच्या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो फक्त पृष्ठभागाचं बोलतो, त्यावर एकट्यावर विसंबू नये. शंका आली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, कापून काढायचा. किमान तीन कोअर, सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, हे मानकातच दिलेलं आहे.

आणि स्लॅबची लोड टेस्ट. तीन बाय चार मीटरची एक खोली घ्या. घरासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून डिझाइन होतं. चाचणीत त्याच्या सव्वापट, म्हणजे २५० किलो टाकायचा. बारा चौरस मीटरला तीन टन झाले, ५० किलोच्या साठ गोण्या. फरशी आणि गिलावा व्हायचा असेल तर तेवढं वजन आणखी. गोण्या २४ तास ठेवायच्या. खालच्या मजल्यावर स्लॅबच्या मध्याला डायल गेज लावलेला असतो, त्यावर स्लॅब किती मिलिमीटर वाकला ते वाचायचं. मग गोण्या उतरवायच्या आणि पुढच्या २४ तासांत स्लॅब किती परत वर येतो ते बघायचं. वाकलेल्यापैकी ७५ टक्के परत आला तर पास. आला नाही तर ७२ तासांनी पुन्हा चाचणी, तेव्हा ८० टक्के हवा. भार टाकून दोन दिवसांत उत्तर. ही पद्धत आयएस ४५६ मध्ये छापलेली आहे, दोन पिढ्यांचे अभियंते कॉलेजात ती शिकलेत, आणि नव्या निवासी इमारतीत ती करून घेतल्याचं मी फार क्वचित पाहिलं, तेही भांडण कोर्टात गेल्यावर.

अर्थात लोड टेस्ट फक्त त्या स्लॅबचं सांगते. पाया आणि कॉलम यांची तशी परीक्षा घेता येत नाही, आणि एकदा काँक्रीट पडलं की सांध्यातल्या रिंगा मोजण्याचा सोपा मार्ग उरत नाही. म्हणून तयार इमारतीची तपासणी खरं तर पायाच्या खड्ड्यापासून सुरू व्हायला हवी. पाया, जोतं आणि प्रत्येक स्लॅब भरण्याआधी त्रयस्थ अभियंत्याने जागेवर उभं राहून सळई पाहावी आणि त्याच्या सहीशिवाय काँक्रीट पडू नये. शेवटी कव्हर, क्लोराइड, पल्स आणि निवडक स्लॅबची लोड टेस्ट. दोन्ही टोकं धरली तरच चित्र पूर्ण होतं.

आपला कायदा वेळेच्या बाबतीत कुठे उभा आहे, तेही बघण्यासारखं आहे. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार इमारत १५ वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० नंतर दर तीन वर्षांनी. मुंबई महापालिकेच्या कायद्यातलं ऑडिटचं बंधन तर ३० वर्षांनंतरचं. म्हणजे सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत बिल्डरही बांधील नाही आणि सोसायटीवरही तपासणीचं बंधन नाही. नेमकी याच काळात कमी कव्हरची आणि क्लोराइडची फळं दिसायला लागतात. महाडची इमारत याच पोकळीत होती.

१५ मार्च १९८६ ला सिंगापूरमध्ये हॉटेल न्यू वर्ल्ड ज्या इमारतीत होतं ती सहा मजली इमारत मिनिटभराच्या आत जमीनदोस्त झाली. ३३ माणसं गेली. चौकशीत निघालं की डिझाइनच्या हिशेबात इमारतीचं स्वतःचं वजनच धरलेलं नव्हतं. आणि तरीही ती १९७१ पासून पंधरा वर्षं उभी होती. इमारत उभी आहे, लोक राहताहेत, म्हणजे ती मजबूत असणारच, असं मानणाऱ्यांनी ही पंधरा वर्षं लक्षात ठेवावीत. सिंगापूरने त्यानंतर १९८९ मध्ये कायदा बदलला. मूळ डिझाइन करणाऱ्याशिवाय दुसरा मान्यताप्राप्त तपासनीस आला, ज्याचा त्या इमारतीत आर्थिक किंवा व्यावसायिक हितसंबंध असता कामा नये. या तपासनिसाने समोर आलेले आराखडे पाहून नुसती मान डोलवायची नाही, सांगाड्याचं गणित स्वतः तपासायचं.

आपल्याकडे यासाठी नवं खातं उघडायची गरज नाही. रेराने ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले आहेत, आणि ते काढताना आर्किटेक्ट, अभियंता आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. ती प्रमाणपत्रं काम किती झालं आणि खर्च किती झाला एवढंच सांगतात. हनीकोंबने भरलेला स्लॅबही त्या हिशेबात पूर्ण झालेला स्लॅब असतो. तिथेच एक अट घाला. त्रयस्थ तपासनिसाने त्या स्लॅबची नोंद संकेतस्थळावर चढवल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे निघणार नाहीत. तपासनीस सोडतीने नेमला जावा, एकाच बिल्डरकडे लागोपाठ तोच जाऊ नये, आणि त्याची फी त्याच खात्यातून थेट जावी. बिल्डरच्या हातून नको. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, दर्जाहमीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली आहे, ते पाऊल चांगलं आहे, पण सही प्रकल्पाच्याच अभियंत्याची असेल तर आपण होतो तिथेच राहतो.

आणखी एक दाखला विकत घ्यायची सोय होईल, असं माझे मित्र म्हणतात. भीती खरी आहे. म्हणूनच मला ‘सुरक्षित आहे’ असा शेरा नको, कच्चे आकडे हवेत. तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक कॉलमला कव्हर ३२ मिलिमीटर, पल्सचा वेग सेकंदाला ४.१ किलोमीटर, स्लॅब इतका वाकला आणि इतका परत आला. आकडा जाहीर झाला की पाच वर्षांनी दुसरा अभियंता त्याच जागी यंत्र लावून तो पडताळू शकतो. शेऱ्याला तसं पकडता येत नाही. शिवाय खोटी सही करणाऱ्याचा परवाना जायला हवा, आणि इथे मोठी उणीव आहे. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा देशभर लागू असलेला कायदा नाही. एका पालिकेने नाव कमी केलं तर शेजारच्या पालिकेत काम चालू राहू शकतं.

खर्चाचा आक्षेप मला पटत नाही. मुंबईत ८० लाखांच्या घरावर ६ टक्क्यांनी चार लाख ऐंशी हजार मुद्रांक शुल्क जातं, वर ३० हजार नोंदणीचे. इतके पैसे घेऊन शासन घर कुणाच्या नावावर आहे याची नोंद ठेवतं. त्याच घराचा कॉलम मजबूत आहे की नाही याची नोंद ठेवायला यातला छोटा हिस्सा पुरेल. तपासणीचा सगळा खर्च फ्लॅटमागे वाटला तर तो मॉड्युलर किचनच्या जवळपासही जाणार नाही. वेळ लागेल हे खरं. स्लॅबमागे एखादा दिवस वाढेल, आणि तो वाढू द्यावा.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरं उत्तर नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ जण गेले. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर लोक राहायला आलेले होते, परवानगीच नव्हती. अशा इमारती कुठल्याच तपासनिसाच्या वाटेला जात नाहीत. तिथे प्रश्न परवडणाऱ्या घरांचा आणि डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेचा आहे, तो वेगळ्या लढाईचा विषय आहे. पण तो सुटेपर्यंत अधिकृत इमारतीही न तपासता सोडाव्यात, हे मला मान्य नाही. रीतसर कर्ज काढून, रीतसर शुल्क भरून घर घेणाऱ्या माणसाला शासन निदान एवढं देणं लागतं.

कायदा बदलेपर्यंत सोसायट्यांनी हातात आहे ते करावं. ताबा घेताना आरसीसीचे प्रत्यक्ष बांधकामानुसारचे नकाशे, मातीपरीक्षणाचा अहवाल, क्यूबचे सगळे रिपोर्ट आणि सळईचे टेस्ट सर्टिफिकेट लेखी मागावेत; कन्व्हेयन्सपर्यंत, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होईपर्यंत थांबलात तर बिल्डरचं ऑफिस बंद झालेलं असतं आणि कागद कुणाकडे आहेत ते कुणी सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत, चौथ्या वर्षीच, वर्गणी काढून आपला अभियंता आणा आणि कव्हर, क्लोराइड, पल्स एवढं तरी करून घ्या. दोष निघाला तर तो रिपोर्ट जोडून बिल्डरला रजिस्टर्ड पोस्टाने कळवा आणि पोच जपून ठेवा. तोंडी सांगितलेलं, ग्रुपवर टाकलेलं पुढे सिद्ध करायला अवघड जातं. गळती आणि टाइल्सच्या तक्रारींनी भरलेल्या अर्जात कॉलमची भेग शेवटच्या ओळीत येते, ती पहिल्या ओळीत लिहा.